स्पिरुलिना घेताय? मग या चुका टाळा

पावसाळा सुरू झाला की "इम्युनिटीसाठी काहीतरी सांगा" म्हणत लोक माझ्याकडे येतात, आणि अनेकांच्या पिशवीत हिरव्या पावडरचा डबा आधीच असतो. ती पावडर स्पिरुलिनाची, म्हणजे वाळवलेल्या निळ्या-हिरव्या शैवालाची. आहारतज्ज्ञ म्हणून माझा स्पिरुलिनाला विरोध नाही. वाळवलेल्या स्पिरुलिनात वजनाच्या ५५ ते ७० टक्के प्रथिनं असतात, शिवाय फायकोसायनिन हे निळं रंगद्रव्य असतं. रोगप्रतिकारक पेशींवर परिणाम दिसल्याचे काही अभ्यासही आहेत, पण ते छोटे आहेत. डबा संपला की सर्दी-ताप येणार नाही, असं त्यातून मुळीच सिद्ध होत नाही.

सगळ्यात घातक चूक बी-१२ची. बँकेत नोकरी करणारे, पन्नाशीतले, पूर्ण शाकाहारी एक गृहस्थ होते. बी-१२ कमी म्हणून डॉक्टरांनी इंजेक्शनं सुरू केली होती. कुणीतरी त्यांना डब्यावरचा बी-१२चा आकडा दाखवला आणि त्यांनी इंजेक्शनं परस्पर बंद केली. पुढे तळपायांना मुंग्या येऊ लागल्या. चालताना चप्पल पायातून निसटली तरी कळेना, रात्री दिवे गेले की तोल जायचा. तरी ते स्पिरुलिना वाढवतच होते, कारण अशक्तपणा म्हणजे प्रतिकारशक्ती कमी, असं त्यांच्या मनानं घेतलं होतं. शेवटी पत्नीनं हट्टानं रक्त तपासायला लावलं. बी-१२ तळाला गेलेलं, हिमोग्लोबिनही घसरलेलं.

याचं कारण समजून घ्या. स्पिरुलिनात जे बी-१२ म्हणून मोजलं जातं, त्यातलं बहुतांश आपल्या शरीराला वापरताच येत नाही. मोजण्याची एक जुनी पद्धत जिवाणूंच्या वाढीवर आधारलेली आहे. त्या जिवाणूंना हे निरुपयोगी रूपही चालतं, म्हणून आकडा फुगतो. आणि ज्या पांढऱ्या पेशी संसर्गाशी लढतात, त्या अस्थिमज्जेत तयार व्हायलाही बी-१२ लागतंच. म्हणजे प्रतिकारशक्तीसाठी डबा घेणारा हा माणूस तिचाच पाया काढून घेत होता. इंजेक्शनं पुन्हा सुरू झाल्यावर रक्त सुधारलं. अंगठ्यांचा बधिरपणा मात्र राहिला. म्हणून बी-१२, हिमोग्लोबिन आणि ड जीवनसत्त्वाचे रिपोर्ट पाहिल्याशिवाय मी कुणालाही डबा उघडू देत नाही. लोक कुरकुरतात, कुरकुरू देत.

दुसरी चूक : "नैसर्गिक आहे, काय होणार?" ल्युपस, आमवात, मल्टिपल स्क्लेरोसिस यांत प्रतिकारशक्ती स्वतःच्याच शरीरावर उलटलेली असते. तिला आणखी चेतवायचं कशाला? स्पिरुलिना घेतल्यानंतर त्वचा आणि स्नायूंचा असा आजार उफाळल्याच्या नोंदी वैद्यकीय साहित्यात आहेत. मूत्रपिंड प्रत्यारोपण झालेल्यांना तर प्रतिकारशक्ती दाबण्यासाठीच गोळ्या दिलेल्या असतात. या सगळ्यांना माझं उत्तर सरळ 'नाही' असं असतं.

तिसरी चूक : सुटी आणि स्वस्त पावडर. अमेरिकेत ओरेगनमधल्या अप्पर क्लॅमथ सरोवरातून अफॅनिझोमेनॉन नावाचं दुसरं निळं-हिरवं शैवाल काढून पूरक आहार म्हणून विकतात. त्याच पाण्यात मायक्रोसिस्टिन हे यकृताला मारक विष तयार करणारी शैवालंही वाढतात. त्यामुळे १९९७मध्ये त्या राज्यानं ग्रॅममागे १ मायक्रोग्रॅम अशी मर्यादा घातली. आपल्याकडे डब्यावरचा एफएसएसएआयचा १४ आकडी क्रमांक हा परवाना असतो, त्या बॅचची तपासणी नव्हे. मी कंपनीकडून मायक्रोसिस्टिन, शिसं आणि आर्सेनिकचा बॅच रिपोर्ट मागवते. देत नसतील तर तो डबा नको.

गच्चीवर टाकी बांधून, खाण्याचा सोडा घालून घरीच स्पिरुलिना वाढवायचा उत्साह तर मला अजिबात पटत नाही. पाणी चांगलं अल्कधर्मी असेल तोवर इतर शैवालांना तिथं टिकणं अवघड जातं. पावसाचं पाणी शिरलं की सगळं बिघडतं, आणि हिरव्या पाण्यात नेमकं काय वाढतंय हे सूक्ष्मदर्शकाशिवाय ओळखता येत नाही.

बाकीच्या चुका थोडक्यात. उकळत्या काढ्यात पावडर टाकू नका, फायकोसायनिन उष्णतेनं मोडतं. मी ताकात घालायला सांगते. पहिल्याच दिवशी चमचाभर घेऊन पोट बिघडवून घेऊ नका, चिमटीनं सुरुवात करा. प्रथिनांची भिस्त त्यावर नको : ३ ग्रॅम पावडरीतून जेमतेम २ ग्रॅम मिळतात, वाटीभर घट्ट वरणात त्याहून जास्त असतात. आठवड्यात फरक मागणाऱ्यांनी आधी झोप आणि राहिलेली लस बघावी. फिनाइलकिटोन्युरिया (प्रथिनांतलं फिनाइलॲलनिन शरीराला मोडता न येण्याचा जन्मजात आजार) असलेल्या मुलांना स्पिरुलिना देऊच नये. क्लोरेला या दुसऱ्या हिरव्या शैवालाच्या पावडरीत के जीवनसत्त्व असतं, त्यामुळे वॉरफरिन हे रक्त पातळ ठेवणारं औषध घेणाऱ्यांनी क्लोरेला सुरू करण्याआधी आणि बंद करतानाही डॉक्टरांना सांगून आयएनआर (रक्त गोठण्याची चाचणी) तपासून घ्यावा.