वेताची जाळी ओली असतानाच ठोका

जुन्या फोटोफ्रेमचा ट्रे करायचा असो की कपाटाच्या दारात जाळी बसवायची असो, वेताची विणलेली जाळी कोरडी ठोकू नका. कोरडा वेत कडेला दुमडताना तडकतो, आणि नीट बसला तरी पावसाळी हवेत जाळी सैल पडते.

चौकटीपेक्षा चारही बाजूंनी 3-4 सेंमी जास्त कापा, कोमट पाण्यात अर्धा तास बुडवा, फडक्याने टिपा आणि लगेच लावायला घ्या. चकचकीत बाजू वर. पहिला स्टेपल वरच्या कडेच्या मध्यावर, दुसरा बरोबर समोर खाली, मग डावी-उजवी. तिथून कोपऱ्यांकडे सरकायचं. भोकांची रांग चौकटीला समांतर आहे ना, हे पहिल्या चार स्टेपलनाच बघा, नंतर ती सरळ होत नाही. हाताने जेमतेम ताण द्या. वेत सुकताना आकसतो आणि जाळी ढोलकीच्या पानासारखी ताठ होते; आधीच खेचली तर बारीक चौकट चक्क वाकते.

वाळवायचं सावलीत. पुण्याचं एप्रिल-मेचं ऊन तर अजिबात दाखवू नका.

बुरूड आळीत किंवा कुठेही जाळी घेताना मागची बाजू ओल्या बोटाने चोळून बघा. खरा वेत पाणी शोषून गडद होतो, प्लास्टिकवर थेंब तसाच राहतो. प्लास्टिकची जाळी बाल्कनीसाठी चांगलीच, पण तिला हे भिजवणं लागू नाही.