कॉलेजच्या मेलला टू-स्टेप लावा, पण बॅकअप कोड हातात आल्याशिवाय उठू नका

परीक्षा फॉर्मच्या दिवसांत सोलापुरातल्या कुठल्याही कॉलेजजवळच्या झेरॉक्स-सायबरमध्ये डोकावा. पोरं काउंटरवर उभं राहून पासवर्ड मोठ्याने सांगतात, दुकानदार टाइप करतो, ब्राउझर ‘पासवर्ड सेव्ह करू का’ विचारतो आणि मागच्या रांगेच्या घाईत ‘हो’ दाबलं जातं. त्याच मेलवर प्रोजेक्टच्या फाइली असतात, गाइडचे मेल असतात आणि बाकीच्या पोर्टलांचे पासवर्ड बदलायच्या लिंकाही तिथेच येतात. टू-स्टेप, म्हणजे पासवर्डनंतर ओळख पटवायची दुसरी पायरी, लावलं की नुसता पासवर्ड कळून कुणाला आत शिरता येत नाही, तुमचा फोनही लागतो.

लावायला पाच-दहा मिनिटं लागतात. स्वतःच्या लॅपटॉपवर किंवा लॅबमधल्या पीसीवर बसा, सायबरमध्ये नको. खातं गूगलचं असेल तर खात्याच्या सेटिंगमध्ये सिक्युरिटी, त्यात टू-स्टेप व्हेरिफिकेशन. मायक्रोसॉफ्टचं असेल तर ‘सिक्युरिटी इन्फो’चं पान. पर्यायच दिसत नसेल तर संस्थेने तो चालू केलेला नाही. मग यूट्यूबवर शोधत बसू नका, कॉलेजच्या संगणक विभागात विचारा.

‘एसएमएसचा ओटीपी आहे ना, पुरे झालं’ हा सल्ला ऐकू नका. काहीच नसण्यापेक्षा एसएमएस बरा, एवढंच. रिचार्ज संपून बंद पडलेला नंबर काही महिन्यांनी दुसऱ्याला मिळतो, आणि तुमच्या नावाने दुसरं सिम काढून ओटीपी पळवणारेही आहेत. ऑथेंटिकेटर अ‍ॅप घ्या (ते लॉगिनचे कोड फोनवर बनवतं), सेटिंगच्या पानावर दिसणारा क्यूआर त्याने स्कॅन करा, सहा आकडी कोड टाका. संपलं. हा कोड दर 30 सेकंदांनी बदलतो आणि फोनमध्येच तयार होतो. क्यूआरमधून आलेली गुप्त संख्या आणि फोनचं घड्याळ एवढ्यावरच त्याचं गणित चालतं, म्हणून बार्शीच्या एसटीत रेंज गेली तरी कोड मिळतो. मात्र घड्याळ हाताने पुढेमागे केलं असेल तर प्रत्येक कोड चुकीचा ठरेल. तारीख आणि वेळ ‘ऑटोमॅटिक’वर ठेवा.

आता खरी भानगड, जिथे मीही घाम गाळलाय. अ‍ॅप चालू झालं की सगळे खूश होऊन उठतात. पुढे फोन पाण्यात पडतो, चोरीला जातो किंवा दिवाळीत एक्स्चेंजमध्ये दिला जातो, आणि पासवर्ड तोंडपाठ असून खातं उघडत नाही. मग ओळखपत्र घेऊन आयटी विभागाच्या दारात. करमाळ्याच्या पोराला त्यासाठी सोलापूर गाठावं लागलं तर अख्खा दिवस गेला, आणि नेमकी तीच फॉर्मची शेवटची तारीख असते.

म्हणून त्याच बैठकीत बॅकअप कोड काढा, म्हणजे फोन हाताशी नसताना अ‍ॅपच्या कोडऐवजी टाकायचे आकडे. गूगल दहा कोड देतं, प्रत्येक एकदाच चालतो. ते कागदावर लिहा किंवा प्रिंट काढून घरी मार्कशीटच्या फाइलमध्ये ठेवा. ‘स्वतःलाच मेल करून ठेवा’ असं सांगणाऱ्याला हात जोडा: ज्या मेलला कुलूप, त्याच्याच आत किल्ली! क्यूआरचा स्क्रीनशॉट त्याहून वाईट. तो ज्याच्या हाती लागला, तो तुमचेच कोड आपल्या फोनवर बघत बसेल.

गूगल ऑथेंटिकेटरमध्ये 2023 पासून कोड गूगल खात्यात सिंक करता येतात, म्हणजे त्यांची प्रत तिथे राहते. सोय चांगली आहे, पण सिंक कॉलेजच्या खात्याला नको, वैयक्तिक जीमेलला करा, आणि त्या जीमेललाही टू-स्टेप लावा.

मायक्रोसॉफ्टवाल्यांनी जास्त सावध राहावं. कॉलेजच्या खात्याला तिथे असे छापील बॅकअप कोड मिळत नाहीत. अ‍ॅपचा बॅकअप घेतला तरी नव्या फोनवर खात्याचं फक्त नाव येतं, ओळख पुन्हा पटवावी लागते. तेव्हा संस्थेची परवानगी असेल तर दुसरी पद्धत आजच जोडा: घरातल्या भरवशाच्या माणसाचा नंबर किंवा दुसऱ्या फोनवर तेच अ‍ॅप.

फोन बदलताना क्रम चुकवू नका. जुना चालू असतानाच नव्यावर अ‍ॅप टाका, खाती हलवा, नव्या फोनवरचा कोड वापरून एकदा लॉगिन करून बघा, आणि मगच जुना रीसेट करा. नवी पेठेतला दुकानदार ‘द्या इकडे, दोन मिनिटांत करून देतो’ म्हणाला तरी लॉगिन होईपर्यंत जुना फोन हातातून सोडू नका.

तुम्ही लॉगिन करत नसताना ‘तुम्हीच आहात का?’ अशी सूचना आली तर ‘नाही’ दाबा आणि लगेच पासवर्ड बदला. कंटाळून ‘हो’ दाबलंत तर एवढा खटाटोप फुकट. सायबरमध्ये ‘या डिव्हाइसवर पुन्हा विचारू नका’ची टिक काढून टाका आणि उठताना साइन आउट करा. कोड फोनवर कुणी मागितला तर द्यायचा नाही, मग तो कॉलेजमधून बोलतोय म्हणू दे नाहीतर बँकेतून.

बॅकअप कोड संपत आले की नवा संच काढा. नवा निघाला की जुना आपोआप रद्द होतो, तेव्हा फाइलमधला जुना कागद त्याच दिवशी फाडून टाका, नाहीतर अडचणीच्या वेळी नेमका तोच हाताला लागतो.