ऊन बाधतंय हे कसं ओळखावं आणि काय करावं: वावरातल्या माणसांसाठी, गोठ्यातल्या जनावरांसाठी

नाशिक थंड हवेचं, हा समज आपण पार मे महिन्यापर्यंत ओढत नेतो. संध्याकाळी गार वारा सुटतो हे खरंच आहे. पण दुपारी दोनला निफाडकडच्या कांद्याच्या वावरात किंवा मालेगावात पत्र्याखाली चालणाऱ्या मागाजवळ उभं राहून बघा. हवा अंगापेक्षा गरम झाली की शरीराला गार व्हायला घाम वाळणं हा एकच मार्ग उरतो. जूनच्या तोंडावर दमटपणा वाढला की घाम वाळतही नाही. म्हणून पारा ३६ वर असला तरी अंगाची काहिली चाळिशीसारखीच होते.

आधी गोठ्यात जा, श्वास मोजा

गोठ्यातली गाय माणसाच्या आधी सांगते, म्हणून सुरुवात तिथून. दुपारी तीनच्या सुमारास तिच्या कुशीकडे बघत उभं राहायचं. कूस एकदा वरखाली झाली की एक श्वास. मोबाइलवर अर्धा मिनिट लावा आणि आकडा दुप्पट करा. सावलीत निवांत असलेल्या गाईचा आकडा साधारण तिशीच्या आत असतो. साठच्या पुढे गेला तर तिला ऊन बाधायला लागलंय. मान पुढे ताणलेली, तोंड उघडं, जीभ बाहेर, लाळेच्या तारा लोंबतायत, अशी दिसली तर एक क्षणही दवडू नका.

गाईला माणसाइतका घाम येत नाही, शिवाय पोटात चारा आंबताना आतूनही उष्णता तयार होत असते. म्हणूनच ती आपणहून वैरण कमी करते आणि दूध उतरतं. संकरित होल्स्टीनला हे लवकर जाणवतं. देशी डांगी किंवा गीर गाय बरंच सोसते. म्हशीची कातडी काळी, घामाच्या ग्रंथी कमी, त्यामुळे तिला डुंबायला किंवा अंगावर पाणी लागतंच. कोंबड्यांना तर घामच येत नाही. चोच उघडून धापा टाकत पंख पसरून बसल्या की त्यांना बाधलं समजा. त्यांचं दुपारचं खाद्य थांबवा, गार पाणी आणि खेळती हवा द्या.

गोठा गार करा, पण कोंडू नका

इथे चूक होते ती चांगल्या हेतूनं होते. चारी बाजूंनी ओली गोणपाटं लावली की गोठा गार होईल असं वाटतं. प्रत्यक्षात आत वाफ कोंडते. गोणपाट फक्त वाऱ्याच्या बाजूला लावा आणि वर-खाली फट ठेवा. पत्र्यावर उसाचं पाचट किंवा कडब्याचा थर टाका. जनावराच्या अंगावर ओलं पोतं पांघरू नका, त्याखाली उष्णता अडकते. पाणी मारा, पंख्याचा वारा द्या, अंग वाळू द्या, पुन्हा पाणी मारा. कासेवरून ओघळ जाऊ देऊ नका, सड ओले राहिले तर कासदाहाची (कास सुजण्याच्या आजाराची) भीती असते.

मुख्य वैरण पहाटे आणि दिवस मावळल्यावर टाका. पाणी २४ तास समोर आणि सावलीत हवं. दुभती गाय उन्हाळ्यात दिवसाला ८०-१०० लिटरही पिऊ शकते, आणि उन्हात तापलेल्या टाकीतलं पाणी ती तोंड लावून सोडून देते. हात बुडवून बघा; तुम्हाला कोमट लागलं तर तिलाही लागतंय.

माणसांचं वेळापत्रक बदला

कांदा काढणी पहाटे सुरू करून अकराला उठता येते. उरलेलं काम चारनंतर. पेठ-सुरगाण्याकडून नव्यानं आलेल्या मजुराला पहिल्याच दिवशी पूर्ण पाथ (एकाच्या वाट्याचं काम) देऊ नका; शरीराला उन्हाची सवय व्हायला एक ते दोन आठवडे लागतात.

पाणी तहान लागण्याआधी, दर वीस मिनिटांनी पेलाभर. घाम खूप जात असेल तर मीठ घातलेलं ताक, पन्हं किंवा घरची जलसंजीवनी: १ लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात चहाचे ६ सपाट चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ. खिशात कांदा ठेवल्यानं ऊन लागत नाही, असं आपल्याकडे घट्ट मानतात. कांद्याच्या गावात हे बोलणं अवघड आहे, पण खिशातला कांदा शरीर गार करत नाही.

आणि एक गोष्ट कळकळीनं सांगते. वावरातल्या बाया पाणी मुद्दाम कमी पितात, कारण आडोसा नसतो. बांधाच्या कडेला चार काठ्या रोवून जुनी साडी बांधली तरी त्या पाणी पितील. झाडाला झोळी बांधून बाळ निजवलं असेल तर सावली सरकते, हेही कुणीतरी दर अर्ध्या तासाला बघायला हवं. रक्तदाबाच्या काही गोळ्यांनी लघवी वाढते. त्या घेणाऱ्या म्हाताऱ्या माणसांनी उन्हाळ्याआधी डॉक्टरांना विचारून घ्यावं.

बोलणं बदललं की ओळखा

डोकं दुखणं, पायात गोळे, मळमळ, गडद पिवळी लघवी ही पहिली पायरी. सावली, पाणी आणि विसावा मिळाला तर इथे माणूस सावरतो. आमच्या शेजारच्या मळ्यात कांदा कापणाऱ्या एक काकू दुपारी एकाएकी तेच तेच विचारायला लागल्या, "गाडी आली का? गाडी आली का?" गाडी समोरच उभी होती. सगळ्यांना वाटलं, थकल्या असतील. अंगाला हात लावला तर चटका बसावा इतकं तापलेलं.

असंबद्ध बोलणं, झोकांड्या, झटका, शुद्ध हरपणं हा उष्माघात. अंग ४० अंश सेल्सियसच्या पुढे गेलेलं असतं, घाम येत असला तरीही. १०८ ला फोन लावा, पण गाडीची वाट बघत हात बांधून उभे राहू नका. सावलीत न्या, कपडे सैल करा, अंगभर पाणी ओता आणि जोरात वारा घाला. बर्फ मिळाला तर काखेत, जांघेत, मानेशी. शुद्धीत नसलेल्याच्या तोंडात पाणी घालायचं नाही. तापाची गोळी इथे उपयोगाची नाही. काकूंना ठिबकच्या टाकीतलं पाणी ओतत ओततच गाडीत घातलं. दवाखान्यात पोचेपर्यंत त्या नाव सांगायला लागल्या होत्या.

जनावर कोसळलं तरी हेच: सावली, वारा, पायांपासून वर पाणी, आणि १९६२ वर पशुवैद्यकाला फोन.

सावरलेल्या माणसाला दुसऱ्याच दिवशी वावरात पाठवू नका, डॉक्टर सांगतील तेव्हाच कामाला लावा. गाईच्या बाबतीत ऊन बाधल्याची तारीख वहीत लिहून ठेवा. पुढचे काही आठवडे ती माजावर आल्याचं नीट दिसत नाही आणि भरवली तरी गाभ न राहता उलटू शकते. पशुवैद्यकाला ही तारीख दाखवली की कारण शोधायला सोपं जातं.