मधल्या सुट्टीनंतर वर्ग हाताबाहेर जातो? या चुका टाळा

खिचडी खाऊन, मैदानात हुंदडून, घामाने निथळत आलेला सातवीचा वर्ग आणि पुढ्यात अपूर्णांकांची बेरीज. हा तास मी बरीच वर्षं घेतोय. त्यातल्या जवळजवळ सगळ्या चुका माझ्या करून झाल्या आहेत.

पहिली चूक दारातच होते. "शांत बसा!" म्हणून ओरडत आपण आत शिरतो, मग हजेरी, मग "वह्या काढा". तोवर सात-आठ मिनिटं गेलेली असतात आणि पोरांनी आपापला कार्यक्रम सुरू केलेला असतो. त्यापेक्षा आत गेल्या गेल्या, एक शब्द न बोलता फळ्यावर लिहा: १/२ + १/३ = ? उत्तर प्रत्येकाच्या वहीत हवं. हजेरी त्यानंतर, वह्या बघता बघता.

बऱ्याच वह्यांत २/५ सापडेल. अंशात अंश मिळवला, छेदात छेद. इथे लगेच लाल फुली मारू नका, कारण वर्गाचं लक्ष याच उत्तरावर खेचता येतं. मी विचारतो, "अर्धी भाकरी होती, तिच्यात अजून तिसरा हिस्सा घातला. मग अर्ध्याहून कमी कशी झाली रे?" क्षणभर कुणी बोलत नाही. मग भांडण सुरू होतं, पण ते गणितावरचं असतं. तेवढा आवाज चालतो.

सगळ्यात महाग पडते ती चूक पुढची: आधी वीस मिनिटं लसावि समजावायचा आणि मग मुलांच्या हाताला काम द्यायचं. चुळबुळ्या वर्गात क्रम उलटा ठेवा. प्रत्येकाला दोन पाठकोरे कागद द्या. दोन्हींना उभी एक घडी घालायची, म्हणजे दोन भाग. मग आडव्या दोन, म्हणजे तीन. उघडल्यावर सहा चौकटी दिसतात. तीन सारखे भाग पाडताना सर्वांत दंगेखोर मुलगाही जीभ बाहेर काढून कडा जुळवत बसतो. एका कागदावर अर्धा भाग रंगवला की तीन चौकटी, दुसऱ्यावर तिसरा हिस्सा रंगवला की दोन. मिळून ५/६. समच्छेद हा शब्द त्यानंतर सांगितला तरी चालतो.

कागद मात्र दोनच हवेत. पहिल्या वर्षी मी एकाच कागदावर दोन्ही भाग रंगवायला लावले आणि रंगलेल्या चौकटी भरल्या चार! एक चौकट दोन्हीकडे आली होती. मलाच ते कळायला वेळ लागला, तोवर वर्ग गेला.

"कळलं का?" हा प्रश्न तर सोडूनच द्या. "होऽऽ सर" या सुरात निम्म्यांना काहीही कळलेलं नसतं. नाव आधी घेऊन प्रश्न विचारला की बाकीचे सुटकेचा श्वास सोडतात. म्हणून आधी प्रश्न, मग थोडं थांबायचं, मग नाव. अमेरिकेतल्या शिक्षण-संशोधक मेरी बड रो यांनी शिक्षकांचं हे थांबणं मोजलं होतं. ते सरासरी सेकंदभरच भरलं. तीन सेकंद थांबलं की मुलांची उत्तरं लांबतात, असंही त्यांना आढळलं. तीन सेकंद वर्गात भलतेच मोठे वाटतात. मनात आकडे मोजा.

वर्गप्रमुखाकडून फळ्यावर दंगेखोरांची नावं लिहवून घेऊ नका. त्या यादीत नाव येणं हा लवकरच मान होतो. अंगठे धरायला लावणं, चारचौघांत अपमान करणं यांचा तर विचारही नको. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम १७ नुसार शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ दोन्हींना मनाई आहे. कागद वाटणं, चौकटी मोजून फळ्यावर आकडे मांडणं अशी उठून करायची कामं त्या दंगेखोर पोरालाच द्या.

तरीही एखादा कोपरा सतत बोलत असेल, तर रिकाम्या तासाला त्याच बाकावर जाऊन बसा. माझ्या वर्गात तिथून खिडकीच्या उजेडात फळ्याचा डावा भाग नुसता चकाकत होता, अक्षर दिसत नव्हतं. शेजाऱ्याला विचारल्याशिवाय त्या पोरांना उदाहरण उतरवताच येत नव्हतं, आणि मी वर्षभर नेमकी तिथेच उदाहरणं लिहीत होतो.