एअर रायफलची हवा रात्रीत जायची कुठे?

मुलीची दहा मीटरची एअर रायफल जुलैत दगा द्यायला लागली. संध्याकाळी तिचा हवेचा सिलिंडर 200 बार दाबाला भरायचा, सकाळी काटा 140 वर. या खेळात दहा गुणांचा ठिपका जेमतेम अर्ध्या मिलिमीटरचा. "बाबा, मी नाही, बंदूकच चुकतेय," हे तिचं पालुपद मला बहाणा वाटायचं, खोटं कशाला बोलू.

भरताना हवा तापते, निवली की काटा थोडा उतरतोच. पण 60 बार? सिलिंडर काढून ठेवला तर काटा जागेवर, रायफलला लावून ठेवला की घसरण. म्हणजे गोम सांध्यात. ठाण्यात वर्तकनगरच्या आमच्या बाल्कनीत आट्यांवर ब्रशने साबणाचं पाणी लावलं आणि बघत बसलो. मिनिटभराने मोहरीएवढा बुडबुडा फुगला.

सिलिंडर उतरवून, आत अडकलेली हवा सोडून मगच सांध्याला हात घातला. ओ-रिंगला, म्हणजे सांधा हवाबंद करणाऱ्या रबरी कड्याला, नखाला लागेल एवढी चीर. वागळे इस्टेटमध्ये सीलच्या दुकानदाराने कॅलिपर लावून तसलीच, 90 शोअर कडकपणाची काढून दिली. किंमत चहाएवढी! वर सिलिकॉन ग्रीसचा हलका हात. साधं तेल अजिबात नाही, दाबाखालच्या हवेत ते पेट घेऊ शकतं.

आता काटा रात्रभर ढिम्म. पावसाळ्यात पंपातून ओल आत जाते, म्हणून ओल शोषणारे दाणेही बदलले. मुलीची माफी दोन वडापावात मिटली.