कोब्याला इन्सुलेशन करायचं का? ठरवताना या चुका टाळा

पहाटे फरशीवर पाऊल टाकलं की तळवा आखडतो, आणि मग कुणीतरी सुचवतं, ‘जमिनीला इन्सुलेशन करून घ्या’, म्हणजे उष्णता अडवणारा थर घाला. सल्ला वाईट नाही. पण हे काम बांधकाम चालू असताना सहज होतं आणि नंतर करायला गेलं तर दारंसुद्धा कापावी लागतात. म्हणून आधी दुखणं नेमकं कोणतं ते ओळखा. (कोबा म्हणजे इथे मातीच्या भरणीवर थेट ओतलेलं काँक्रीट; छताची स्लॅब नव्हे.)

‘फरशी गार लागते, म्हणजे घरातली उष्णता खाली जातेय’

तसं असेलच असं नाही. एकाच खोलीतली लाकडी फळी आणि फरशी सारख्याच तापमानाला असल्या, तरी फरशी जास्त गार लागते, कारण ती तळव्यातली उष्णता भराभर ओढून घेते. तक्रार एवढीच असेल तर जाड गालिचा, कॉर्क किंवा लाकडी फ्लोअरिंग पुरे. साधा इन्फ्रारेड थर्मामीटर घ्या आणि खोलीच्या मध्यावर, बाहेरच्या भिंतीलगत आणि आतल्या भिंतीवर मोजून बघा. जमिनीचा मध्य आतल्या भिंतीपेक्षा थोडाच गार निघाला, तर घर उबदार ठेवण्याच्या खर्चाचं खापर जमिनीवर फोडू नका.

‘ओल येतेय, इन्सुलेशन घातलं की थांबेल’

सगळ्यात महाग पडणारी चूक हीच. ओल दोन वाटांनी येते. एक मातीतून वर चढते, दुसरी खोलीतल्या हवेतून गार फरशीवर बसते. दोन्हींचं दिसणं सारखं, उपाय मात्र वेगळे. ओळखायचं कसं? अर्धा मीटर चौरस पारदर्शक प्लॅस्टिक उघड्या काँक्रीटवर चारही बाजूंनी चिकटपट्टीने घट्ट लावा, ऊन पडणार नाही अशा जागी, आणि एक दिवस तसंच ठेवा. प्लॅस्टिकच्या खाली थेंब जमले किंवा काँक्रीट काळवंडलं, तर पाणी खालून येतंय. थेंब वरच्या बाजूला असतील तर ते हवेतलं बाष्प. ही चाचणी कोरड्या दिवसांत करून निश्चिंत होऊ नका. माती सर्वांत ओली असते तेव्हाच तिला अर्थ आहे.

हवेतल्या बाष्पावर इन्सुलेशन खरंच चालतं. ३० अंश सेल्सियस आणि ७० टक्के आर्द्रता असलेल्या हवेचा दवबिंदू (ज्या तापमानाला बाष्पाचं पाणी होऊ लागतं तो) साधारण २४ अंश असतो. फरशी त्याहून गार असेल तर ती घामेजणारच. तिचा पृष्ठभाग थोडा उबदार राहिला की प्रश्न मिटतो. पण मातीतून चढणाऱ्या ओलीला लागतो अखंड प्लॅस्टिकचा पडदा, पाव मिलिमीटर जाडीचा, सांध्यावर किमान १५ सेंटिमीटर एकमेकांवर चढवून टेप मारलेला. तो न घालता वर फोम आणि प्लायवूड टाकलं, तर ओल जात नाही, फक्त दिसेनाशी होते. मग एके दिवशी कपाटामागून बुरशीचा वास येतो.

नवा कोबा असेल तर आणखी धीर धरा. दर २५ मिलिमीटर जाडीला वाळायला साधारण एक महिना, असा ढोबळ हिशेब आहे. १०० मिलिमीटरला चार महिने.

‘खोलीच्या मध्यात जाड थर घालू’

जमिनीखाली काही मीटरवर मातीचं तापमान त्या ठिकाणच्या वार्षिक सरासरीच्या जवळपास टिकून असतं, त्यामुळे मध्यभागातून उष्णता हळूहळू जाते. खरी गळती कडेला, जोत्यापाशी. तिथे खोली आणि बाहेरची हवा यांच्यात जेमतेम एक भिंत असते. पैसे मोजकेच असतील तर मी आधी कडेलाच खर्च करेन: जोत्याच्या बाहेरून जमिनीत ६० सेंटिमीटर ते एक मीटर खोल उभा फोम. मात्र मातीतून वर येणारा हा फोम वाळवीला लपून चढायला आयता रस्ता देतो. भिंतीवर एक पट्टा उघडा ठेवा, नजर टाकता येईल असा.

‘इन्सुलेशन चांगलंच, मग कुठेही घाला’

वर्षातले बहुतेक महिने उकाडा असेल, तर खालची माती घरातली उष्णता फुकटात शोषून घेत असते. मधे फोम घातला की ती सोय बंद. अशा ठिकाणी जमीन तशीच राहू द्यावी, असं माझं मत. उलट, खाली पार्किंग असलेल्या पहिल्या मजल्याखाली माती नसतेच, बाहेरची हवा असते. तिथे स्लॅबच्या खालच्या अंगाने थर लावावा. आणि जमिनीत गरम पाण्याच्या नळ्या टाकायच्या असतील तर वाद नको, त्यांच्याखाली इन्सुलेशन हवंच.

‘माल कोणताही चालेल’

काँक्रीटची जाडी वाढवून काही साधत नाही. ५० मिलिमीटर एक्सपीएस बोर्ड (घट्ट पॉलिस्टायरीन फोमचा) जेवढी उष्णता अडवतो, तेवढी अडवायला साधारण दोन मीटर काँक्रीट लागेल. खोक्यांत येणारं पॅकिंगचं थर्माकोल दबतं, काचेचं लोकर पाणी पितं. चकचकीत फॉइलवाले गुंडाळे तर निव्वळ फसवणूक: फॉइलसमोर हवेची पोकळी असेल तरच ती उष्णता परतवते, काँक्रीटला चिकटली की तो नुसता धातूचा पत्रा.

जुन्या घरात मोजायला विसरतो ती गोष्ट

उंची. ५० मिलिमीटर बोर्ड, वर १८ मिलिमीटर प्लायवूड, त्यावर फ्लोअरिंग. जमीन ७-८ सेंटिमीटर वर येते. दारं घासतात, ओटा बुटका होतो, आणि जिन्याची पहिली पायरी बाकीच्यांपेक्षा लहान होऊन रोज कुणीतरी अडखळतं. एवढी जागा नसेल तर जमीन उचलू नका, बाहेरून कडच झाका.

नव्या घरात हे काही अडत नाही. फक्त काँक्रीट ओतण्याच्या दिवशी सकाळी स्वतः जा. सळ्या बांधताना बुटांनी आणि तारेच्या टोकांनी प्लॅस्टिक हमखास फाटलेलं असतं, आणि ठिगळ लावायला तेवढा एकच तास हाती असतो.