मनपाला मत देताना नागपूरकर इथे चुकतात

सगळ्यात मोठी चूक मशीनसमोरच होते: एक बटण दाबायचं आणि निघायचं. नागपूर महापालिकेत १५१ नगरसेवक आणि ३८ प्रभाग. ३७ प्रभागांतून चार-चार, एकातून तीन. म्हणजे अ, ब, क, ड अशा प्रत्येक जागेला वेगळं मत. पण हाताला सवय लोकसभा-विधानसभेची. पहिलं बटण दाबलं की मतदार दाराकडे वळतो, मागून हाक येते, आणि हा वैतागून म्हणतो, "दाबलं ना बाप्पा एक! आता अजून किती?"

सगळ्या जागांची मतं झाली की लांब आवाज येतो, तोवर हलू नका. एखाद्या जागेला कोणीच पसंत नसेल तर त्याच जागेचा 'नोटा' दाबा. एका जागेला एकच मत, त्यामुळे आवडीचे दोघंही 'ब'मध्येच उभे असतील तर कोणाला द्यायचं ते घरूनच ठरवून जा. तिथे उभं राहून विचार केला की रांगेतले लोक कुरकुर करतात, आणि घाईत भलतंच बटण दाबलं जातं.

यादीची चूक मतदानाच्या दिवशी सुधारत नाही. मनपाची यादी विधानसभेच्या यादीवरूनच प्रभागवार फोडतात, तीही ठरलेल्या तारखेची. महालातून नरेंद्रनगरला राहायला गेलात आणि फॉर्म ८ भरला नाही, तर नगरसेवक निवडाल महालचा आणि खड्डे चुकवाल नरेंद्रनगरचे. नवं नाव घालायला फॉर्म ६. प्रचाराचे भोंगे सुरू झाल्यावर ही धावपळ करून उपयोग नाही. उमेदवाराचा माणूस घरी देऊन जातो ती चिठ्ठी म्हणजे ओळखपत्र नव्हे, हेही जाता जाता.

वाडी आणि बेसावाल्यांची गंमत वेगळी. पत्त्यात नागपूर असलं तरी वाडीला नगर परिषद, बेसा-पिपळ्याला नगर पंचायत. मनपाच्या यादीत नाव शोधत बसू नका.

"नगरसेवक असला काय, नसला काय" म्हणत सुटीचा दिवस झोपून काढणारेही आहेत. मनपाची मुदत मार्च २०२२ मध्ये संपली आणि पुढचं मतदान थेट जानेवारी २०२६ मध्ये झालं. मधल्या काळात कारभार प्रशासकाकडे. सप्टेंबर २०२३ मध्ये अंबाझरी तलाव ओसंडून वस्त्यांत पाणी शिरलं, तेव्हा सभागृहात जाब विचारायला एकही नगरसेवक नव्हता.

शेवटची चूक निकालानंतरची. गडर लाइन तुंबली की आपण ओळखीच्या एकालाच फोन लावतो आणि तो म्हणतो, "तो भाग माझ्याकडे नाही." असं काही नसतं. प्रभागातले चौघंही अख्ख्या प्रभागाचे असतात, भाग त्यांनी आपसात वाटून घेतलेले. चौघांच्या नावे एकच लेखी अर्ज करा, एक प्रत झोन कार्यालयात द्या आणि आपल्या प्रतीवर तारखेसह शिक्का मारून घ्या.